वाट्याने दिलेली कोंबडी

सातवीच्या उर्दूच्या तासाला दरवर्षी एक शब्द येतो, ‘असील’. फळ्यावर लिहून आम्ही त्याचा अर्थ विचारतो. दोन-चार मुले विचारात पडतात आणि मागच्या बाकावरून हमखास उत्तर येते, “टीचर, कोंबडा!” वर्ग हसतो. आम्हीही हसतो, पण उत्तर चुकीचे म्हणत नाही. ‘असील’ म्हणजे ज्याचे मूळ शुद्ध आहे, जो खानदानी आहे तो. अरबीतल्या ‘अस्ल’पासून तो शब्द आला. पुढच्या तासाला मराठी शिकवताना आम्ही मुलांना सांगतो की मराठीतला ‘अस्सल’ही त्याच घराण्यातला. आणि आपल्या लोकांनी एका कोंबड्याला हे नाव दिले, म्हणजे त्या पाखराची त्यांना किती कदर असेल, याचा विचार करा.

मग आम्ही दुसरा प्रश्न विचारतो. “या वर्षी कोणाच्या घरच्या कोंबडीने स्वतः अंड्यांवर बसून पिल्ले काढली?” आम्ही नोकरीला लागलो तेव्हा या प्रश्नाला अर्ध्याहून जास्त हात वर येत. आता दोन-तीन येतात. बाकीची मुले सांगतात, “आम्ही सायकलवाल्याकडून घेतो.” सायकलवाला म्हणजे टोपलीत गुलाबी, हिरवी, पिवळी रंगवलेली पिल्ले घेऊन फिरणारा माणूस. ती पिल्ले बहुधा अंड्यांच्या मोठ्या फार्ममधली नको असलेली नर पिल्ले असतात. अंडी ती देणार नाहीत, मांसही त्यांच्या अंगावर फारसे चढत नाही. रंग उडेपर्यंत मुले खेळतात, मग त्यातले एखादे जगते.

हात कमी का झाले, हा या लेखाचा विषय आहे. तो पुस्तकात वाचून आम्हाला कळला नाही. आमच्या अंगणात घडला, म्हणून कळला. आम्ही म्हणजे आमचे घर: अम्मी, म्हणजे आमच्या सासूबाई, आम्ही दोघे आणि मुले. घर नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरच्या जवळ.

असीलचा प्रवास

आधी त्या असीलची गोष्ट पुरी करू. आंध्र, तेलंगण, छत्तीसगड आणि ओडिशाचा काही भाग हे असीलचे घर. अवध, रामपूर आणि हैदराबादच्या शौकिनांनी तो नावारूपाला आणला. उंच मान, रुंद छाती, मजबूत पाय, अंगाला घट्ट चिकटलेली पिसे. नराचे वजन तीन-चार किलो सहज भरते. त्याच्या रंगांची नावे ऐकली की उर्दू शिकवणाऱ्याला बरे वाटते: पीला, नूरी, सब्जा, चित्ता. शौकिनांनी त्याला झुंजीसाठी वापरले, हे मात्र त्याचे दुर्दैव. जनावरांना एकमेकांवर सोडून झुंजवायला प्यारे नबी (स.) यांनी मनाई केली आहे, आणि १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानेही तो गुन्हा आहे. असील राखायचा म्हणजे झुंजी राखायच्या, असे कोणी समजू नये.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातून इंग्लंडात गेलेल्या असीलपासून तिथल्या कॉर्नवॉल भागात भरदार छातीची एक जात तयार झाली. तिला आधी ‘इंडियन गेम’ म्हणत, पुढे ‘कॉर्निश’ नाव रूढ झाले. विसाव्या शतकात अमेरिकेत ‘उद्याची कोंबडी’ या नावाने स्पर्धा भरली. कमी दिवसांत जास्त मांस देणारी कोंबडी कोण तयार करतो, हे पाहायचे होते. १९४८ साली तिथे पहिला आला तो कॉर्निशचा संकर. आज जगभर जो ब्रॉयलर विकला जातो, त्याच्या बापाच्या बाजूला कॉर्निश आहे आणि आईच्या बाजूला प्लायमाउथ रॉक. म्हणजे आपल्या दस्तरखानावरच्या ब्रॉयलरच्या अंगात थोडा तरी असील आहे.

अशीच एक गोष्ट कोंबडीच्या पिवळ्या पायांची. कोंबडीचे मूळ पूर्वज लाल रानकोंबडे. पण पिवळ्या कातडीचा आणि पिवळ्या पायांचा गुण त्यांच्याकडून आला नाही. तो राखी रानकोंबड्याकडून आला, हे २००८ साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. हा राखी रानकोंबडा आपल्याच सह्याद्रीत आणि सातपुड्यात आरवतो.

या दोन्ही गोष्टींतून आम्ही एवढेच शिकलो की कोणत्या पाखराचा कोणता गुण पुढे कोणाच्या उपयोगी पडेल, हे आधी कोणालाच माहीत नसते. अवधमधल्या शौकिनाला ब्रॉयलर ठाऊक नव्हता. त्याने वाण राखला म्हणून दुसऱ्याला तो मिळाला.

आमच्या अंगणातली बुसरा

आमच्याकडे असील नव्हता. आमच्याकडे होती ती साधी गावठी कोंबडी. तिलाही स्वतःचे नाव आहे आणि ती देशाच्या यादीत आहे, हे आम्हाला फार उशिरा कळले. हरियाणात कर्नाल येथे राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरो आहे. देशातल्या गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्यांच्या मूळ जातींची नोंद तिथे होते. कोंबडीच्या वीसच्या आसपास जातींची नोंद आहे. त्यांत असील आहे, झाबुआचा कडकनाथ आहे, निकोबारी आहे, आणि आमची ‘बुसरा’ही आहे. नंदुरबार-धुळ्याचा आदिवासी पट्टा आणि त्याला लागून असलेला गुजरातचा भाग हा बुसराचा मुलूख.

दिसायला ती लहानखुरी. पूर्ण वाढलेली कोंबडी किलोच्या आसपास, कोंबडा त्याहून थोडा जड. अंगावर पांढऱ्यात मिसळलेली काळी पिसे, खांद्यावर आणि पंखांवर तांबूस छटा. पण दोन कोंबड्या अगदी एकसारख्या सहसा मिळत नाहीत. नजर मात्र सगळ्यांची तीक्ष्ण. आकाशात घार दिसली की आई एक विशिष्ट आवाज काढते आणि अंगणभर पसरलेली पिल्ले डोळ्याचे पाते लवते न लवते तोच तिच्या पंखांखाली जातात.

आकडे पाहिले तर बुसरा कोणाच्याही मनात भरणार नाही. वर्षाला चाळीस ते पंचावन्न अंडी, तीही लहान. फार्मवरची पिंजऱ्यातली कोंबडी वर्षाला तीनशे अंडी देते. ब्रॉयलर सहा आठवड्यांच्या आतच दोन किलोचा होतो. बुसराचा कोंबडा वर्षभरानेही तेवढा होत नाही. मग ती कोणी का पाळावी?

या प्रश्नाचे उत्तर त्या चाळीस अंड्यांतच आहे. बुसरा बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होते. म्हणजे अंडी घालणे थांबवते, अंग फुगवून एका जागी बसते, जवळ हात नेला तर चोच मारते. मग एकवीस दिवस अंड्यांवर बसते. पिल्ले निघाली की दोन-तीन महिने त्यांना घेऊन फिरते, उकरून खायला शिकवते, रात्री पंखांखाली घेते. पिल्ले मोठी झाली की त्यांना चोच मारून दूर करते आणि पुन्हा अंड्यांवर येते. वर्षात अशा तीन-चार फेऱ्या होतात. हिशेब करून पाहा, चाळीस-पन्नास अंडी भरतात. तिची अंडी कमी नाहीत. उरलेला वेळ ती आई असते.

फार्मवर हा गुण दोष ठरतो. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून अंड्यांसाठी तयार केलेल्या जातींतून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूक होणेच जवळजवळ काढून टाकले गेले. तिथे ते योग्यही आहे, कारण तिथे उबवणीचे यंत्र आहे, वीज आहे, बल्ब आहे, पिल्लांचे खाद्य आहे. आमच्या भागातल्या पाड्यावरच्या बाईकडे यातले काही नाही. तिच्याकडे खुडूक कोंबडी आहे. तेच तिचे यंत्र, तोच बल्ब आणि तीच पिल्लांची राखणदार. खर्च काय, तर मूठभर ज्वारीच्या कण्या आणि पिल्लांसाठी वारुळातली वाळवी.

२००६ चा फेब्रुवारी

२००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्लू आला. देशात तो पहिल्यांदाच आढळला होता, आणि नवापूर म्हणजे अंड्यांच्या मोठमोठ्या फार्मचे गाव. तेव्हा आमच्या नोकरीला आणि लग्नालाही थोडेच दिवस झाले होते. टीव्हीवर आमच्या गावाचे नाव दिवसभर येत होते. पांढरे पोशाख, तोंडाला मास्क घातलेली माणसे गल्लीत आली. फार्मवरच्या लाखो कोंबड्या मारल्या गेल्याच, पण ठरवलेल्या परिघात घरोघरच्या कोंबड्याही न्याव्या लागल्या. रोग पसरू नये म्हणून ते आवश्यक होते, हे आम्ही आज मुलांना शिकवतो आणि तेव्हाही आम्हाला पटत होते.

अम्मींना ते पटवणे मात्र सोपे नव्हते. त्यांच्या खुराड्यात कोंबडा धरून अकरा पाखरे होती. त्यांतली एक खुडूक होती, पडवीत घमेल्यात अंड्यांवर बसलेली. अठरावा दिवस होता. अम्मी म्हणाल्या, “तीन दिवस थांबा.” त्या माणसाने मान खाली घातली. “खाला, मला थांबता येत नाही,” एवढेच तो म्हणाला. तोही कोणाचा तरी मुलगा होता आणि सकाळपासून हेच काम करत होता. अम्मींनी स्वतः कोंबडी उचलून त्याच्या हातात दिली. अंडीही गेली. घमेले मात्र राहिले. सरकारी भरपाई मिळाली. तिच्यात ती खुडूक कोंबडी मोजली गेली, तिचे बसणे मोजता येणारे नव्हते.

पुढे काही महिने नवी पाखरे आणायला बंदी होती. त्या दिवसांत पहाटे आरवणे नाही. खरकटे कोणाला घालावे ते कळेना. अम्मी सकाळी उठून सवयीने खुराड्याचे दार उघडायच्या.

पिल्ले आली, आई आली नाही

बंदी उठल्यावर आम्ही सुधारित जातीची वीस पिल्ले विकत आणली. गिरिराजा, वनराजा, ग्रामप्रिया ही नावे खेड्यांत सगळ्यांना माहीत आहेत. गिरिराजा बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची. वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्राच्या. या जाती मन लावून तयार केल्या आहेत आणि त्यांची निंदा करणे बरोबर नाही. आमची पिल्ले भराभर वाढली. अंडी मोठी मिळू लागली. मुलांच्या डब्यात रोज अंडे जाऊ लागले. आम्ही खूश होतो.

अम्मी वाट पाहत होत्या. एक कोंबडी खुडूक होईल, मग घमेले काढू. वर्ष गेले. कोंबड्या अंडी देत राहिल्या, बसली एकही नाही. त्यातल्या काही मुंगसाने नेल्या, काही मानमोडीने गेल्या. जड अंगाच्या असल्यामुळे झाडावर उडून जीव वाचवणे त्यांना जमेना. दोन वर्षांत खुराडे पुन्हा रिकामे झाले, आणि आमच्यापुढे एकच मार्ग उरला: पुन्हा पैसे देऊन पिल्ले आणणे.

तेव्हा आमच्या लक्षात आले की गेल्या ते नुसते अकरा पक्षी नव्हते. कोंबडी बाजारात मिळते. पण पिल्ले काढणारी, वाढवणारी, घारीपासून वाचवणारी आणि तोच गुण पुढच्या पिढीला देणारी कोंबडी एकदा परिसरातून गेली की पैसे दिले तरी मिळत नाही. गल्लीतल्या सगळ्यांचीच हीच स्थिती होती. पूर्वी एकाची कोंबडी गेली तर शेजारणीकडून दुसरी मिळे. आता शेजारणीचे खुराडेही रिकामे होते.

साक्रीकडची मावशी

आठवडे बाजारात मोहाची फुले आणि रानभाज्या घेऊन साक्रीच्या बाजूच्या एका पाड्यावरून एक आदिवासी मावशी येत असे. अम्मींची तिची जुनी ओळख. एके दिवशी तिने अम्मींना विचारले, “भाभी, तुमचे कोंबडे केव्हा देऊ?” अम्मींना काही कळेना. मावशीने आठवण करून दिली. बर्ड फ्लूच्या आदल्या वर्षी अम्मींनी तिला एक तलंग वाट्याने दिली होती. वाट्याने देणे म्हणजे कोंबडी देणाऱ्याची, सांभाळ घेणाऱ्याचा, आणि पिल्ले निम्मी-निम्मी. त्या तलंगीने पाड्यावर पिल्ले काढली, त्यांनी आणखी काढली. परिघाच्या खूप बाहेर असल्याने तिथे कोणी पथक पोचले नव्हते. मावशी इतक्या दिवसांचा वाटा बाकी ठेवून बसली होती.

पुढच्या बाजारी तिने डालग्यात चार तलंगी आणि एक कोंबडा आणला. कोंबडा त्या घरातला नव्हता. त्याच रक्ताचा नको म्हणून तिने तो पलीकडच्या पाड्यावरून बदलून आणला होता. हे तिला कोणी शिकवले नव्हते. तिच्या आईने तसेच केले होते.

तीन महिन्यांनी एक तलंग खुडूक झाली. अम्मींनी ते घमेले काढले, खाली वाळू घातली, वर पेंढा घातला आणि अकरा अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी आमची लहान मुलगी शाळेतून आली ती दप्तर न काढताच पडवीत जाऊन बसली. नऊ पिल्ले निघाली.

ही पद्धत आमच्याच भागात आहे असे नाही. आंध्रच्या पूर्व गोदावरी भागात आदिवासी बाया असील पाळतात आणि तो असाच एकमेकींना देतात. जनावरांचे डॉक्टर असलेल्या महिलांनी सुरू केलेल्या ‘अंथ्रा’ या संस्थेने त्या बायांसोबत काम करताना या पद्धतीची नोंद केली. तेलुगूत तिचे नाव काय आहे ठाऊक आहे? ‘वाटा’. आपण म्हणतो तोच शब्द.

वाण राखायचा तर

त्यानंतरच्या वर्षांत अम्मींकडून, मावशीकडून आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांकडून आम्ही जे शिकलो, ते इथे थोडक्यात देतो. ज्यांच्याकडे छोटेसे अंगण आहे, त्यांना ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट कोंबड्याची. कोंबड्या गावठी आणि कोंबडा सुधारित, असे असेल तर दोन-तीन पिढ्यांत वाण निघून जातो. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. तो त्याच जातीचा हवा आणि दुसऱ्या घरचा हवा. दर एक-दोन वर्षांनी तो शेजारच्या गावाशी अदलाबदल करावा, नाहीतर बहीण-भावांची पिल्ले होऊन ती कमकुवत निघतात.

दुसरी गोष्ट धीराची. कोंबडी एकदा कोंबड्याला मिळाली की दोन-तीन आठवडे तिची अंडी त्याचीच पिल्ले देतात. म्हणून परका कोंबडा बाजूला केल्यावर लगेच अंडी उबवायला ठेवू नयेत. तीन आठवडे ती घरात खावीत, मगच साठवायला घ्यावीत.

तिसरी अंड्यांची. उबवायची अंडी आठवड्याच्या आतली असावीत, धुऊ नयेत, थंड सावलीत निमुळते टोक खाली करून ठेवावीत. बुसरासारख्या लहान कोंबडीखाली दहा-बारा पुरेत. प्रत्येकावर पेन्सिलीने खूण करावी, म्हणजे नंतर दुसरीने येऊन घातलेले अंडे ओळखून काढता येते. सातव्या रात्री अंधारात टॉर्चवर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू आहे. नितळ दिसले तर काढून घ्यावे.

चौथी लसीची. गावठी कोंबडी काटक असते, पण मानमोडी म्हणजे राणीखेत रोग तिलाही सोडत नाही. पिल्लू पहिल्या आठवड्यात असताना लासोटा लसीचा थेंब डोळ्यात, मग चार आठवड्यांनी पुन्हा, आणि दोन महिन्यांनंतर टोचायची लस, असा क्रम डॉक्टर सांगतात. अडचण अशी की एका बाटलीत शंभर किंवा त्याहून अधिक डोस असतात, बाटली बर्फात आणावी लागते आणि पाण्यात मिसळली की तास-दोन तासांत संपवावी लागते. सात पाखरांसाठी कोण आणणार? म्हणून आमच्या गल्लीत आम्ही एक दिवस ठरवतो. ज्याच्या घरी पाखरू आहे, त्याने त्या संध्याकाळी टोपलीत घालून आणावे. थर्मास आमचा, बर्फ समोरच्या दुकानातला, थेंब घालायला नववी-दहावीच्या मुली. एकट्याने पाळलेली कोंबडी मरते. गल्लीने पाळलेली जगते.

पाचवी गोष्ट ऐकून काहींना नवल वाटेल. वाण राखायचा तर तो खाल्लाही पाहिजे. दहा पिल्लांत पाच नर निघतात आणि पाच कोंबडे एका अंगणात राहू शकत नाहीत. चांगला एक ठेवून बाकीचे जिबह करून दस्तरखानावर यायला हवेत. बाजारात गावठी कोंबड्याला ब्रॉयलरपेक्षा चांगला भाव मिळतो. त्यातच पाळणारीचा फायदा आहे. फक्त शिजवताना घाई करू नये. आमच्या घरी त्याला मंद आचेवर दीड-दोन तास देतात, भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण घालून. रस्सा पातळ, भाकरी ज्वारीची.

नावाने वाण वाचत नाही

कोणी म्हणेल, सरकारने नोंद केली, भाव वाढला, की वाण आपोआप वाचेल. कडकनाथाचे उदाहरण घ्या. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातला हा काळा कोंबडा भिल्ल आणि भिलाला लोकांनी जपला. २०१८ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, भाव वाढला, आणि ते योग्यच झाले. पण लगेच दुसऱ्या वर्षी आपल्या पश्चिम महाराष्ट्रात कडकनाथाच्या नावाने मोठी फसवणूक उघडकीस आली. पैसे भरा, पिल्ले घ्या, वाढवा, आम्हीच विकत घेऊ, असे सांगून हजारो शेतकऱ्यांचे पैसे घेतले गेले. खरेदी करणारेच नाहीसे झाल्यावर खाद्याला पैसे नसलेल्या शेतकऱ्यांनी ती पाखरे मिळेल त्या भावाला विकली. त्या सगळ्या व्यवहारात कोंबडी होती, पण पाळणारीचे ज्ञान नव्हते आणि शेजारणीचा वाटाही नव्हता.

कर्नालची नोंद हवी, संशोधन केंद्रातले कळप हवेत. पण कोंबडी खुडूक होते ती कोणाच्या तरी पडवीत.

पुन्हा एकदा फेब्रुवारी

२०२१ च्या फेब्रुवारीत नवापूरला पुन्हा बर्ड फ्लू आला. पुन्हा पांढरे पोशाख, पुन्हा रिकामी खुराडी. आमचे अंगण या वेळीही परिघात आले. मुले रडली. धाकटीने खुराड्याच्या दाराशी पाठ लावून बसून घेतले, तिला समजावून उठवावे लागले.

अम्मी या वेळी रडल्या नाहीत. पडवीत पाट घेऊन बसल्या आणि बोटांवर मोजू लागल्या. विसरवाडीला नणंदेकडे दोन. साक्रीकडे मावशीच्या सुनेकडे चार. नंदुरबारला आमच्या सहशिक्षिकेकडे एक कोंबडा आणि तीन तलंगी. मोजता मोजता दोन्ही हातांची बोटे संपली. “असू दे,” त्या म्हणाल्या, “जे ठेवले ते गेले. जे दिले ते आहे.”

त्या दिवशी आम्ही एक वही केली. शंभर पानी, शाळेत वापरतो तशी. डाव्या बाजूला कोंबडी कोणाला दिली ते नाव आणि गाव, उजव्या बाजूला तिने काढलेली पिल्ले आणि ती पुढे कोणाला गेली. अम्मींनी वाट्याची अटही बदलली. पूर्वी निम्मी पिल्ले परत यायची. आता दोन परत आणि दोन तुझ्या पुढच्या घराला. ते पुढचे घर दुसऱ्या गावात असले पाहिजे. सगळी पाखरे एका गावात ठेवायची नाहीत, हे दोन फेब्रुवारींनी आम्हाला शिकवले.

बंदी उठल्यावर पहिली कोंबडी परत आली ती विसरवाडीहून. वहीतली बारावी ओळ गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या नावावर लिहिली. ‘असील’ म्हणजे कोंबडा, असे मागच्या बाकावरून सांगणारा तोच. त्याच्या आईला कोंबडी देताना अम्मींनी तिला पडवीत बसवून सगळे सांगितले: घमेले, वाळू, पेन्सिलीची खूण, टॉर्च, लसीचा दिवस. ती म्हणाली, “खाला, पैसे किती?” अम्मी म्हणाल्या, “पैसे नाहीत. अमानत आहे.”

या वर्षी वर्गात प्रश्न विचारला तेव्हा त्या मुलाने हात वर केला. सात पिल्ले. एक घारीने नेले. दोन आमच्याकडे परत आली आणि दोन त्याच्या मामाच्या गावी, शहाद्याला गेली. वहीत तशी नोंद आहे. वाचकांपैकी कोणाच्या घरी अजून कोंबडी खुडूक होत असेल, तर तिला पाण्यात बुडवून किंवा टोपलीखाली कोंडून उठवू नका. तिच्याखाली दहा अंडी ठेवा, आणि एकवीस दिवसांनी निघालेल्या पिल्लांतली दोन दुसऱ्या गावातल्या कोणाला तरी द्या. एक वही विकत घ्या. पहिली ओळ लिहा.